तिसरी पिन



पत्रिकेत ‘इतिहास’ या सदराखाली आजचा विषय पाहून पुष्कळांना वाटले असेल की, चिटणिसांकडून काहीतरी गफलत झाली. विजेच्या प्लगाला कसला आला आहे इतिहास? बिघडला तर वायरमनला बोलवावे, त्याने स्क्रू पिळावेत, आपण त्याला चहा पाजून निरोप द्यावा, एवढाच त्या वस्तूशी आपला संबंध. परंतु मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही शिकलो ते रात्री पुस्तके वाचून आणि दिवसा वाटाघाटींच्या टेबलापाशी बसून. त्या टेबलाने मला एक खोड लावली आहे. कोणतीही ठरलेली गोष्ट समोर आली की मी विचारतो : ही ठरली तेव्हा खुर्च्यांवर कोण बसले होते, त्या वेळी टंचाई कशाची होती, आणि पावती कोणाच्या नावाने फाडली गेली? भिंतीतल्या त्या भोकांना हे प्रश्न विचारून पाहिले तर ती चांगली बोलकी निघतात.

आज जगात घरगुती प्लगांचे सुमारे पंधरा प्रकार चालू आहेत. मुंबईहून लंडनला, लंडनहून बर्लिनला आणि तेथून न्यूयॉर्कला जाणाऱ्या माणसाला चार ठिकाणी चार तऱ्हेची भोके भेटतात. हा कारखानदारांचा कट आहे असे मानणारे लोक आहेत. मला तसे वाटत नाही. कट करायला आधी एकत्र बसावे लागते. येथे तर सुरुवातीची कित्येक वर्षे या कामासाठी कोणी एकत्र बसलेच नाही.

वीज घरात शिरली ती दिव्याच्या रूपाने. एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर १८८२ साली वीजघर सुरू केले, तेव्हा गिऱ्हाईक वीज विकत घेत नव्हते, उजेड विकत घेत होते. भिंतीत भोके नव्हतीच. छताला होल्डर होता आणि होल्डरात दिवा होता. पुढे इस्त्री आली, टेबलावरचा पंखा आला, तेव्हा दिवा काढून त्याच होल्डरात त्यांची वायर अडकवण्याची पद्धत पडली. अमेरिकेत आट्यांचा होल्डर, ब्रिटनमध्ये आणि त्यामागून आपल्याकडे दाबून फिरवण्याचा. प्रकार निराळे, पण धंदा एकच. छतापासून लोंबणाऱ्या वायरीला इस्त्री जोडून कपडे करणारी माणसे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील.

हार्वी हबेल नावाच्या अमेरिकन कारखानदाराने १९०४ साली पेटंट घेतले ते याच अडचणीवर. त्याच्या प्लगाचे दोन तुकडे होते. एक आट्यांचा, होल्डरात बसून राहणारा. दुसरा दोन पिनांचा, ओढला की सुटणारा. म्हणजे अमेरिकेचा प्लग जन्मला तो दिव्याच्या होल्डरसाठी. भिंतीत जाऊन बसला नंतर. त्याने केलेल्या निरनिराळ्या नमुन्यांपैकी समांतर चपट्या पात्यांचा नमुना अमेरिकेत टिकला. तिरक्या पात्यांचा एक नमुना तिकडे मागे पडला, पण ऑस्ट्रेलियाने तो उचलला, आणि आज चीनच्या कोट्यवधी घरांत त्याच वळणाची भोके आहेत. एका देशाची टाकून दिलेली वस्तू दुसऱ्या देशाचे प्रमाण होऊन बसते, ती अशी.

व्होल्टची गोष्टही थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिच्यात पावतीचा प्रश्न येतो. एडिसनच्या कोळशाच्या तंतूच्या दिव्याला ११० च्या आसपास व्होल्ट मानवत होते, म्हणून अमेरिका त्या आकड्याभोवती राहिली. बर्लिनही आरंभी ११० वरच होते. १८९९ च्या सुमारास तेथील वीज कंपनीने २२० वर जायचे ठरवले. दाब दुप्पट केला की त्याच जाडीच्या तारेतून दुप्पट वीजशक्ती नेता येते, आणि तारेचे तांबे हा कंपनीचा मोठा खर्च. गिऱ्हाइकांची जुनी उपकरणे बदलून देण्याचा खर्च कंपनीने सोसला, कारण तांब्यात त्याहून अधिक वाचणार होते. युरोपची वाट तेथे ठरली आणि पुढे आपली २३० व्होल्टची वाटही त्याच दिशेने गेली. बदल करणाऱ्याच्याच खिशात बचत पडत असली म्हणजे बदल कसा चटकन होतो, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता तिसऱ्या पिनेकडे वळतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात मोलाची वस्तू तीच आहे.

दोन पिनांनी वीज येते आणि परत जाते. काम तेवढ्यावर भागते. दिवा लागतो, इस्त्री तापते, मोटार फिरते. मग तिसरी कशाला? इस्त्रीचे, गिझरचे, ड्रिलचे अंग धातूचे असते. आत कोठेतरी वायरीचे वेष्टण झिजते आणि जिवंत तार त्या अंगाला टेकते. यंत्र चालूच राहते. बाहेरून काही कळत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस त्याला हात लावतो आणि वीज त्याच्या शरीरातून जमिनीत उतरते. १०० वॉटचा जुना दिवा आपल्या २३० व्होल्टवर सुमारे ०.४३ अँपिअर वीज घेत असे. माणसाचे हृदय बंद पाडायला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे ज्या पाच अँपिअरच्या फ्यूजवर भरवसा ठेवून आपण निर्धास्त असतो, तो फ्यूज माणूस मेला तरी वितळायचा नाही. त्याच्या हिशेबी कोठेतरी एक मिणमिणता दिवा लागला आहे, इतकेच. तिसरी पिन यंत्राचे अंग तारेने थेट जमिनीशी जोडते. जिवंत तार अंगाला टेकताच विजेचा लोंढा त्या सोप्या वाटेने धावतो आणि फ्यूज उडतो. यंत्र बंद पडते, माणूस वाचतो. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, तेही उगाच नाही. लांब अशासाठी की, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी. जाड अशासाठी की, चुकून जिवंत भोकात शिरू नये.

दोन पिना यंत्रासाठी आहेत आणि तिसरी यंत्र हाताळणाऱ्यासाठी आहे. तिच्यामुळे उजेड वाढत नाही, उष्णता वाढत नाही, उत्पादन वाढत नाही. फक्त तांबे जास्त लागते. असली वस्तू आपोआप जन्माला येत नसते, ती कोणीतरी मागावी लागते.

जर्मनीत पेग्नित्स नदीकाठच्या लाउफ या लहान गावी आल्बेर्ट ब्यूटनर याने १९२६ साली जमिनीच्या जोडणीसह प्लगाचे पेटंट मागितले. त्यात तिसरी पिन नाही. प्लगाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आहेत आणि खोलगट सॉकेटातल्या स्प्रिंगा त्यांना आधी स्पर्श करतात. ‘शूको’ या नावाने तो प्लग आज युरोपच्या मोठ्या भागात चालतो. ब्रिटनमध्ये १९३४ साली बी.एस. ५४६ हे मानक निघाले : तीन गोल पिना, २, ५, १५ आणि ३० अँपिअरच्या चार मापांत. आपल्या घरातले सॉकेट याच घराण्यातले. अमेरिकेत जमिनीच्या पिनेचे पेटंट १९२८ साली मिळाले, पण नव्या घरात तीन भोकांचेच सॉकेट बसवण्याचा सर्वसाधारण नियम विद्युत संहितेत यायला १९६२ साल उजाडले. कल्पना हाताशी असूनही चौतीस वर्षे! जपानात तर १०० व्होल्टच्या आधारावर घरोघर दोन भोकांची सॉकेटे आजही आहेत.

येथे एक अनुभव सांगणे भाग आहे. १९९६ च्या पावसाळ्यात एका लहान कारखान्यात हातात ग्राइंडर धरलेला एक तरुण शॉक लागून गेला. कारखान्याचे नाव सांगत नाही. चौकशीत मालकाच्या बाजूने सांगण्यात आले की, यंत्राला तीन पिनांचा प्लग होता, नियमाप्रमाणे सर्व काही होते. प्लग टेबलावर ठेवला होता; तीन पिना चकचकीत होत्या. मी तो उघडायला लावला. आत वायर दोनच तारांची होती. तिसऱ्या पिनेचा स्क्रू कधी फिरवलेलाही नव्हता. मीटरभर वायरीमागे जे दोन-चार रुपये वाचले असतील, ते वाचले होते. नुकसानभरपाईचा दावा आम्ही लढलो आणि मिळवला. पण तेव्हापासून कोणी मला ‘नियमाप्रमाणे आहे’ म्हटले की मी आधी स्क्रूड्रायव्हर मागतो.

असो. आता ब्रिटनकडे जाऊ. कारण ‘टेबलाभोवती कोण बसले होते’ या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर तेथे मिळते.

दुसरे महायुद्ध चालू होते. बॉम्बहल्ल्यांत शहरांचे मोहल्ले जमीनदोस्त झाले होते आणि युद्ध संपल्यावर लाखो घरे नव्याने बांधावी लागणार, हे दिसत होते. त्या घरांत वीज कशी खेळवावी हे ठरवण्यासाठी तेथील इलेक्ट्रिकल एंजिनिअरांच्या संस्थेने १९४२ साली वीस जणांची समिती बसवली. त्या वीस खुर्च्यांपैकी एकीवर बाई होती. तिचे नाव कॅरोलिन हॅस्लेट. जन्म १८९५ चा. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी करता करता तिने कारखान्यात जाऊन काम शिकून घेतले. तरुणपणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला. १९१९ साली एंजिनिअर स्त्रियांची संस्था निघाली तिची ती चिटणीस झाली, आणि १९२४ मध्ये गृहिणींना विजेचे ज्ञान देणारी संघटना उभी करण्यात ती पुढे होती. तिचा विजेवर एवढा भरवसा की, आपले दहनही विजेनेच व्हावे, असे ती लिहून गेली. १९५७ साली ती वारली.

हॅस्लेटबाईंच्या म्हणण्याचा गाभा असा की, घर हेही कामाचे ठिकाण आहे. तेथे बाई राबते, ओल्या हातांनी यंत्रे हाताळते, आणि रांगते मूल तिच्या पायाशी असते. कारखान्यातल्या यंत्राला जाळी असते, घरातल्या सॉकेटाला काय आहे? आम्ही संघटनावाले घरकामाला श्रम म्हणायला फार उशिरा शिकलो; ही बाई विजेच्या तारा हातात धरून तेच सांगत होती.

त्या काळच्या ब्रिटिश घरात एकाच भिंतीवर दोन-तीन मापांची सॉकेटे असत. छोटा दिवा एकात, रेडिओ दुसऱ्यात, शेगडी तिसऱ्यात. शिवाय जुनी दोन भोकांची होतीच. मोठ्या सॉकेटाला फ्यूजच्या पेटीपासून स्वतंत्र तार ओढावी लागे, आणि तांबे तर युद्धाने खाल्लेले. समितीने १९४४ च्या अहवालात सुचवले की, एकच तार पेटीतून काढून सगळ्या खोल्यांतून फिरवावी आणि परत पेटीत आणून सोडावी. अशा कड्यावर हवी तेवढी सॉकेटे एकाच मापाची बसवावीत. कड्याला दोन्ही बाजूंनी वीज मिळते, म्हणून तार बेताच्या जाडीची चालते. प्रत्येक सॉकेट १३ अँपिअरचे, म्हणजे २४० व्होल्टवर तीन किलोवॉटची शेगडी कोणत्याही खोलीत लावता यावी.

पण त्यात एक मेख होती. कड्याचा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर आत जळू लागली तरी तो हलणार नाही. म्हणून प्रत्येक प्लगाच्या पोटात त्या त्या यंत्राच्या बेताचा लहानसा फ्यूज घालायचे ठरले. मग जुना, बिनफ्यूजचा गोल पिनांचा प्लग या नव्या सॉकेटात शिरून कसे चालेल? तो शिरू नये म्हणूनच पिना चौकोनी केल्या. दोन वस्तू एकमेकींत बसू नयेत हे शहाणपणाने ठरवल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. आणि शेवटची गोष्ट, हॅस्लेटबाईंच्या आग्रहाची : जिवंत भोकांवर झडप असावी. तिसरी, लांब पिन वरच्या भोकात शिरली की ती झडपा बाजूला सारते. मुलाने नुसती सुई किंवा खिळा खालच्या भोकात घातला तर वाट बंद. म्हणजे माणूस वाचवणारी पिन दाराची किल्ली झाली. तिला टाळून वीज मिळायचीच नाही! १९४७ च्या जूनमध्ये बी.एस. १३६३ या क्रमांकाने हे मानक प्रसिद्ध झाले.

ते सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. प्लग बोजड आहे, महाग आहे, आणि जमिनीवर पालथा पडला तर पिना वर करून पायाची वाट पाहत बसतो. जुन्या घरांतली गोल भोके बदलायला कित्येक वर्षे लागली. आणि पावती? ती बराच काळ गिऱ्हाइकाच्या नावाने फाडली गेली. यंत्र विकत घ्यावे तर त्याला नुसती वायर असे. प्लग वेगळा आणून घरी जोडावा लागे. प्लग जोडूनच यंत्र विकले पाहिजे असा कायदा १९९४ साली झाला.

बी.एस. १३६३ निघाल्यावर दोन महिन्यांनी आपण स्वतंत्र झालो. त्या वेळी साऱ्या देशाची वीज निर्माण करण्याची क्षमता १३६२ मेगावॉट होती. वीज पोचलेली खेडी दीड हजारांच्या आसपास. म्हणजे भिंती बहुतेक कोऱ्या होत्या. बदल करायचा तर इतका स्वस्त मुहूर्त पुन्हा येणार नव्हता. तरीही १९५८ साली भारतीय मानक संस्थेने आय.एस. १२९३ हे मानक काढले ते जुन्या गोल पिनांचेच. पुढे ५ चे ६ आणि १५ चे १६ अँपिअर झाले, वळण तेच राहिले. हाँगकाँग, सिंगापूर, मलाया ही गोल पिनांची गिऱ्हाइके कालांतराने चौकोनीकडे गेली. आखाती अमिरातींतही चौकोनीच आली, म्हणून रत्नागिरीकडच्या माणसाने दुबईहून आणलेल्या मिक्सरला इथे आधी अ‍ॅडॅप्टर शोधावा लागतो. आपण मागे राहिलो. सोबतीला दक्षिण आफ्रिका.

यात आपली चूक झाली काय? पुष्कळ जण तसे म्हणतात. मी तेवढे म्हणणार नाही. आपल्या घरात तेव्हा दोन दिवे, एक पंखा आणि ऐपत असली तर रेडिओ. खोलीखोलीत तीन किलोवॉटची शेगडी लावण्याची थंडी आपल्याकडे नाही. अशा घराला १३ अँपिअरचे कडे म्हणजे मुंगीला हत्तीचा हौदा. शिवाय दिव्याची वीज एका दराने आणि पॉवरची दुसऱ्या दराने आकारण्याची रीत होती. इटलीतही अशाच दोन दरांमुळे दोन मापांची सॉकेटे रूढ झाली. आपल्या बोलण्यात ‘लाइटचा पॉइंट’ आणि ‘पॉवरचा पॉइंट’ हे शब्द त्या रीतीची आठवण म्हणून राहिले आहेत. तेव्हा आकाराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, आकार घेताना आपण झडप घेतली नाही आणि तिसऱ्या तारेचा आग्रह धरला नाही. गोल पिनेच्या सॉकेटालाही झडप बसवता येते. आज बाजारात तशी मिळतात. ज्या झडपेची गरज लंडनच्या मुलाला १९४४ साली पटली, ती आपल्या मुलापर्यंत यायला एवढी वर्षे का लागावीत? आपल्या देशात अलीकडच्या काळात दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात, असे सरकारी आकडे सांगतात. त्यांतली पुष्कळ शेतातल्या पंपांवर आणि तुटलेल्या तारांमुळे जातात, प्लगापायी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जमिनीची जोडणी नसणे हे कारण तेथेही वारंवार भेटते.

साऱ्या जगाचा एक प्लग करण्याचा यत्न झाला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोग १९०६ साली लंडनला स्थापन झाला. लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष. त्या आयोगाने जगासाठी एक तीन गोल पिनांचा आटोपशीर नमुना प्रसिद्ध केला तो १९८६ साली. ऐंशी वर्षे! तोवर कोट्यवधी भिंती भरल्या होत्या. ब्राझीलने त्यावरून आपले मानक बेतले आणि २०१० च्या आसपास ते सक्तीचे केले. दक्षिण आफ्रिकेनेही तोच नमुना हाती घेतला. ब्राझीलमध्ये लोक चिडले. जाबुतिकाबा नावाचे एक फळ फक्त आमच्याच देशात पिकते, असे तिकडे म्हणतात. हा प्लगही तसाच, अशी थट्टा झाली. शिवाय तेथे कोठे १२७ व्होल्ट, कोठे २२०, आणि भोके दोहोंना एकच! बर्लिनमध्ये बदलणाऱ्याची बचत झाली होती. येथे बदलण्याचा खर्च घराघरावर आणि फायदा कोणाच्याच हातात दिसेना.

जमले ते लहान गोष्टींत. युरोपने १९६३ साली अडीच अँपिअरचा चपटा, दोन पिनांचा प्लग ठरवला, तो बहुतेक साऱ्या देशांत बसतो. पण तो धातूचे अंग नसलेल्या किरकोळ यंत्रांसाठी. २०२४ च्या डिसेंबरपासून युरोपीय संघात फोन चार्ज करण्याचे भोक एकसारखे करण्याची सक्ती झाली, तीही अशा वस्तूची, जी चार वर्षांत टाकून द्यायची असते. भिंत कोणी टाकून देत नाही.

आपल्या बाजारात आता सर्व देशांचे प्लग पोटात घेणारा बोर्ड मिळतो. त्यात अमेरिकन पाती जातात, चौकोनी पिना जातात, जर्मन प्लगही बसतो. फक्त जर्मन प्लगाच्या बाजूच्या पट्ट्यांना आत भेटायला कोणीच नसते. यंत्र झकास चालते, अंग मात्र अधांतरी. स्वयंपाकघरात असा बोर्ड असेल तर त्यावर धातूच्या अंगाचे परदेशी यंत्र लावू नका.

आणि घरी गेल्यावर, पाऊस सुरू होण्यापूर्वी, वायरमनला एकदा बोलवा. त्याच्याजवळ दोन वायरींना जोडलेला दिवा असतो. त्याला तो तुमच्या देखत प्रत्येक सॉकेटात लावायला सांगा : एक टोक जिवंत भोकात, दुसरे वरच्या मोठ्या भोकात. तुम्ही स्वतः हा उद्योग करू नका. दिवा भक्कन लागला तर जमीन जोडलेली आहे. घरात गळती पकडणारा खटका बसवलेला असेल तर तो लगेच पडेल, तेही चांगलेच. दिवा मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर त्या वरच्या भोकामागे वायर आहे की नाही, हे सॉकेट उघडून बघायला लावा, आणि तो उघडत असताना तेथेच उभे राहा.